गोळी नंतर, आधी पाय बघ

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पेशंट डॅपाग्लिफ्लोझिनवर, म्हणजे लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या आणि कमजोर हार्टलाही सांभाळणाऱ्या डायबेटिसच्या गोळीवर, हार्ट कमजोर, मुलाने फोनवर कुठेतरी वाचलं की या गोळीने पाय कापायची वेळ येते, आता तो गोळी बंद करा म्हणून अडून बसलाय. एक सीनियर म्हणतात बंद कर, दुसरे म्हणतात खबरदार बंद केलीस तर. किडनीचं क्रिएटिनिन लिहिलंयस, हार्टचा इको लिहिलाय, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी तर तीन वेळा. पायाबद्दल एक ओळ नाही! अरे, भांडण पायावरून चाललंय आणि पाय कुणीच बघितला नाही?

मुलगा खोटं बोलत नाहीये. २०१७ मध्ये याच जातीच्या कॅनाग्लिफ्लोझिन गोळीच्या कॅनव्हास नावाच्या ट्रायलमध्ये दर हजार पेशंटमागे वर्षाला ६.३ जणांचं अँप्युटेशन झालं, प्लासिबोवाल्यांत, म्हणजे नकली गोळी घेणाऱ्यांत, ३.४. बहुतेक बोटं आणि पायाचा पुढचा भाग. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने लगेच बॉक्स्ड वॉर्निंग, म्हणजे चौकटीतली सगळ्यात कडक सूचना, लावली. लघवीतून साखरेबरोबर पाणीही जातं, त्यामुळे आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांत रक्त आणखी कमी पोचत असेल असा एक अंदाज होता, पण तो अंदाजच. मग २०१९ च्या क्रेडेन्स ट्रायलमध्ये तीच गोळी, पण १२.३ विरुद्ध ११.२, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही, आणि २०२० मध्ये तो बॉक्स काढला, साधी सूचना राहिली. तुझ्या पेशंटच्या गोळीच्या मोठ्या ट्रायलमध्ये तर गोळीवाल्यांत १.४ टक्के आणि प्लासिबोवाल्यांत १.३ टक्के. हे मुलाला सांग, पण पाय बघितल्यावर सांग.

मला हे कोणी शिकवलं नाही याची अजून चीड येते. आमच्या वेळी पाय म्हणजे सर्जरीवाल्यांचं काम, मेडिसिनवाल्यांनी फक्त आकडे बघायचे. मी मोजे काढायला लावायला लागले तर ओपीडी तुंबते म्हणून बोलणी खाल्ली, "तुमच्याकडे वेळ फार दिसतो मॅडम" हेही ऐकलं. तुंबू दे. मी आजही काढायला लावते आणि माझं चुकतंय असं मला एकदाही वाटलेलं नाही.

पाय दुखत नाही म्हणून रक्तपुरवठा चांगला, असं तर अजिबात समजू नकोस. नसा बधिर असल्या की दुखणार कसं, आणि जो माणूस धाप लागते म्हणून दहा पावलं चालत नाही त्याच्या पोटऱ्यांत गोळे येणार तरी कधी? म्हणून हाताने पल्स बघ, पावलावरचा आणि घोट्यामागचा, दोन्ही पायांचे. लागत नसेल तर एबीआय कर, म्हणजे घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं, पण डायबेटिसमध्ये वाहिन्या कडक होतात आणि आकडा खोटा चांगला येतो, १.४ च्या वर गेला तर खूश होऊ नकोस, अंगठ्याचं प्रेशर मागव. मोनोफिलामेंट लाव, त्या नायलॉनच्या दोऱ्याने तळव्याला स्पर्श कळतो का ते समजतं. डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ पण बघ, तिने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात, बधिरपणाचं सगळं खापर साखरेवर फोडायची आपल्याला सवय लागलीये. तंबाखू आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीचं विचारलंस का? त्या गोळीपेक्षा तंबाखू पायाचा कितीतरी मोठा वैरी आहे आणि तुझ्या मेसेजमध्ये तीही नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पायाला जखम किंवा गँगरीन असेल तर ही गोळी नव्याने सुरू करू नये, आणि चालू असेल तर पाय बरा होईपर्यंत थांबवायचा विचार करावा, हे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्येच आहे. तसं निघालं तर थांबव, पण हार्टवाल्यांशी बोलून, आणि परत कधी सुरू करायची ते फाईलवर लिहून ठेव, कारण थांबवलेल्या गोळ्या विसरल्या जातात. जखम नाही, पल्स लागतायत, तर एका बातमीला घाबरून कमजोर हार्टच्या माणसाची ही गोळी मी काढणार नाही, तूही काढू नकोस. मधलं काही निघालं तर व्हॅस्क्युलरवाल्यांना, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना, दाखव आणि मला फोन कर, रात्री केलास तरी चालेल.

आणि त्या मुलावर वैतागू नकोस. त्याला समोर बसवून वडिलांचे पाय रोज कसे बघायचे ते शिकव, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, काळसर किंवा लाल दिसलं की अपॉइंटमेंटची वाट न बघता घेऊन यायचं. एवढा भांडतोय म्हणजे तो रोज बघेल, असले नातेवाईक नशिबाने मिळतात.

तुझी,
मॅडम