कापडी कयाकला (सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या वल्ह्याच्या छोट्या होडीला) ऑइल पेंट द्यावा की व्हार्निश?
आधी कापड कोणतं ते बघा. पॉलिएस्टरला साधा ऑइल पेंट चालतो. नायलॉन भिजलं की सैलावतं, त्याला लवचिक टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचं) पॉलियुरेथेनच द्या. नुसतं इपॉक्सी नको. ते कडक होतं आणि कापड दबलं की तडकतं.

पॉलिएस्टर आधी इस्त्रीने आक्रसवून ताठ करा. रंगाच्या पहिल्या हातात थोडं टर्पेंटाइन घाला, म्हणजे रंग विणीत मुरतो. मग तीन पातळ हात, मध्ये रात्रभर वाळवून. जाड हात दिला की वर साय धरते, आत ओलंच राहतं, बाजूंवर ओघळ येतात. शिवणीवर एक हात जास्तच. उघड्या विणीवर पॉलिश पेपर अजिबात मारू नका, धागे तुटतात.

सांगाडा आरपार दिसायला हवा असेल तरच व्हार्निश, तेही यूव्ही-रोधक मरीन, म्हणजे बोटींसाठीचं. उन्हापासून कापड रंगच जास्त राखतो.