साठा किती वेगाने उपसावा?

प्रश्न : गुजरातमधील आंबाडुंगरचा फ्लोरस्पार (फ्लोरिनयुक्त खनिज) आमच्या बडोद्याहून फार लांब नाही. असा साठा झपाट्याने काढावा, की पुढच्या पिढीसाठी राखावा? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी 1931 साली मांडलेला निकष असा, की खर्च वजा जाता टनामागे उरणारी रक्कम व्याजदरापेक्षा मंद गतीने वाढणार असेल, तर खनिज आज काढून पैसा गुंतवणे हिताचे, अन्यथा थांबावे. प्रत्यक्षात मात्र वेगाला भांडवल लगाम घालते. दुप्पट वेगासाठी क्रशरपासून शुद्धीकरण कारखान्यापर्यंत सारेच मोठे लागते आणि त्याची किंमत वसूल होण्याआधीच साठा संपू शकतो. म्हणून अभियंते पहिल्या अंदाजासाठी खाण-अभियंता टेलर यांचा ठोकताळा वापरतात : दशलक्ष टनांतील साठ्याचे चतुर्थमूळ (वर्गमुळाचे वर्गमूळ) काढून त्याला साडेसहाने गुणायचे, की खाणीचे आयुष्य वर्षांत मिळते. 16 दशलक्ष टनांना सुमारे 13 वर्षे येतात, म्हणजे वर्षाला साधारण 12 लाख टन.

घाईचा सर्वांत गंभीर तोटा मला वेगळाच वाटतो. उत्तम प्रतीचे खनिज आधी उचलले, की उरलेला हलक्या प्रतीचा भाग एकट्याने परवडत नाही आणि बहुधा जमिनीतच राहतो. त्यामुळे आराखड्यात वार्षिक उत्पादनाबरोबर किती हलक्या प्रतीपर्यंतचे खनिज काढायचे, हेही बांधून द्यावे.