भाताचं बियाणं : मीठ किती घालायचं?

प्रश्न : पेरणीआधी घरचं भात बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढतो. कुणी १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ सांगतं, कुणी अंडं तरंगेपर्यंत घालायला सांगतं. खरं प्रमाण कोणतं? आणि साधं पाणी का चालत नाही?
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : ३०० ग्रॅमचं. ही दोन पाणी एकसारखी नाहीत.

दाणा आपल्याएवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा जड असेल तर बुडतो, हलका असेल तर तरंगतो. साध्या पाण्याचं वजन लिटरला १००० ग्रॅम. पूर्ण पोकळ पळिंज त्यातही वर येतं. पण अर्धवट भरलेला किंवा बुरशीने पोखरलेला दाणा पाण्याहून किंचितच जड असतो, म्हणून चांगल्या दाण्यांबरोबर तळाला जाऊन बसतो. १० लिटरमध्ये ३०० ग्रॅम मीठ विरघळलं की लिटरभर द्रावण सुमारे १०२० ग्रॅम भरतं. एवढ्याशा फरकाने तो दाणा वर येतो.

ताजं अंडं तरंगायला मात्र लिटरला १०८० ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, म्हणजे १० लिटरला साधारण सव्वा किलो मीठ. तेवढ्या खारट पाण्यात उगवणारं, जरा कमी भरलेलं बीही वर येऊन वाया जातं. शिवाय अंडं शिळं झालं की त्यातली हवेची पोकळी वाढते आणि ते कमी मिठातही तरंगतं. त्यापेक्षा लिटरभर द्रावण काट्यावर तोला (भांड्याचं वजन वजा करून).

मीठ पूर्ण विरघळू द्या. खडे तळाशी राहिले तर खालचं पाणी जड आणि वरचं हलकं होतं, दाणे मधेच लोंबकळतात. बी एका वेळी दोन-तीन किलोच टाका आणि हाताने चांगलं ढवळा. यातच सगळ्यात जास्त चुका होतात. कोरड्या सालीला, विशेषतः कुसळाच्या जातींत, हवेचे बुडबुडे चिकटतात आणि चांगला दाणाही तरंगतो. ढवळून पाणी स्थिर झाल्यावर जे वर राहील तेच काढा आणि नष्ट करा. त्यात रोगट बी असतं, शेणखईत नको.

बी काढताना द्रावण कमी होतं. भर घालताना त्याच प्रमाणातलं मीठपाणी घाला. नुसतं पाणी ओतत गेलात तर शेवटच्या घाण्यात पोचट दाणे बुडू लागतील.

तळाचं बी लगेच काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ राहिलं तर उगवणीला मारक ठरतं. मग सावलीत पातळ पसरून २४ तास वाळवा. बुरशीनाशक किंवा जिवाणू संवर्धक लावायचं ते यानंतर. विकतचं रंगीत, औषध लावलेलं बियाणं या पाण्यात टाकूच नका, औषध धुऊन जाईल.