वाचक विचारतात: आयर्लंडचं पोलीस ठाणं आणि आपलं पोलीस ठाणं

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, तालुक्याचं ठिकाण. इथलं जुनं दगडी पोलीस ठाणं आता रिकामं पडलंय, पाडायचं बोलतायत. माझा भाचा आयर्लंडला नोकरीला आहे, त्याने तिथल्या काहरसिवीन गावच्या ठाण्याचा फोटो पाठवला, अगदी किल्ल्यासारखं! तिथले लोक म्हणतात की नकाशांची अदलाबदल झाली, भारतातल्या ठाण्याचा नकाशा चुकून तिकडे गेला. हे खरं का? आणि ते लोक असल्या इमारतींचं काय करतात?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: दादा, अदलाबदलीची गोष्ट सांगतात छान, पण ती खरी नाही. केरी परगण्यातलं ते ठाणं 1870 च्या आसपास बांधायला घेतलं आणि त्याचा आर्किटेक्ट म्हणून एनॉक ट्रेव्हर ओवेन यांचं नाव सांगतात, ते डब्लिनच्या सरकारी बांधकाम खात्यात होते. गोल बुरूज, त्यांच्यावर टोकदार शंकूसारखी छपरं, हे भारतातल्या कुठल्या ठाण्याला असतं सांगा बरं? ही युरोपातल्या गढ्यांची धाटणी आहे. आणि तेवढं भक्कम का बांधलं, तर 1867 मध्ये त्याच भागात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला होता, शिवाय जवळच्या व्हॅलेन्शिया बेटावर 1866 साली अटलांटिक समुद्राखालून अमेरिकेला जोडणारी तारायंत्राची (टेलिग्राफची) केबल आणली होती, ती सांभाळायची होती.

एक नातं मात्र खरं आहे. 1843 मध्ये सिंधमध्ये इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने जे पोलीस दल उभं केलं ते आयर्लंडच्या पोलिसांच्या धर्तीवर, आणि सिंध पुढे मुंबई इलाख्यातच आलं. म्हणजे तिकडून इकडे आली ती पद्धत, नकाशे नव्हेत.

तिथे ठाण्याला बॅरक म्हणायचे, कारण शिपाई तिथेच राहायचे. बरीचशी ठाणी तर भाड्याच्या साध्या घरात होती, काहरसिवीनसारखी मोजकीच मुद्दाम बांधलेली. 1920 च्या ईस्टरला आयर्लंडच्या स्वातंत्र्यवाद्यांनी शेकडो रिकामी ठाणी जाळली, काहरसिवीनचं ठाणं 1922 च्या यादवीत, म्हणजे आयरिश लोकांच्या आपसातल्या लढाईत, जळालं आणि पुढे बरीच वर्षं तसंच पडून होतं. मग गावानेच ते पुन्हा उभं केलं, आता तिथे वारसा केंद्र आहे. मला याचंच कौतुक वाटतं, की परक्या सत्तेचा दरारा म्हणून बांधलेली इमारत लोकांनी आपली मानली.

तिथे कायदाही आहे. 2000 च्या नियोजन कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेला संरक्षित इमारतींची यादी ठेवावी लागते आणि इमारत यादीत आली की बाहेरचा दर्शनी भागच नाही तर आतला भाग, अंगण, सगळंच संरक्षणात येतं. तरीसुद्धा अडचणी आहेतच, 2012 आणि 2013 मध्ये मिळून तिथे 139 ठाणी बंद झाली, मग रिकाम्या इमारतींचं करायचं काय हा प्रश्न तुमच्यासारखाच.

आता तुमच्या ठाण्याबद्दल. पाडायची ऑर्डर निघण्याआधी एवढं करा, पहिल्यांदा फोटो आणि मापं घ्या, दर्शनी कमान, कोठडीचा दरवाजा, खिडक्यांचे गज, तुळया, कौलं, सगळं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा कोण कुठे बसायचं. दुसरं, दुरुस्तीला कुणी सिमेंट आणलं तर थांबवा. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, आपला काळा दगड टणक, ओल त्याच्यात मुरत नाही, ती सांध्यांतूनच बाहेर पडते, सांधे सिमेंटने बंद केले की ओल आतच कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि तुळयांची टोकं कुजतात. हे काहीजणांना पटत नाही, म्हणतात सिमेंट मजबूत, पण मजबुती सांध्याला नको तिथे दिली की भिंतच फुगते. आयर्लंडमधल्या जुन्या दगडी इमारतींनाही चुन्याचेच सांधे भरायला सांगतात.

आणि वापर शोधा हो, रिकामी इमारत टिकत नाही. साताऱ्याच्या राजवाड्यात कितीतरी वर्षं कोर्ट भरायचं, लोकांचा राबता होता. तुमच्याकडे वाचनालय, मुलांची अभ्यासिका, तलाठ्याचं ऑफिस, काहीही चालेल. नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत ठराव मांडायला लावा, फोटो आणि मापं सोबत घेऊन जा, नुसतं "जुनं आहे म्हणून ठेवा" म्हणून कुणी ऐकत नाही.