उत्तर: पीएचडीचा विषय एर्गोनॉमिक्सचा, समिती म्हणते 'हे मेकॅनिकल नाही'

'यंत्रमाग कामगारांच्या पाठदुखीवर पीएचडी करायची आहे, पण समिती म्हणते मागाच्या कंपनांवर करा', ही तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी फाईल डोळ्यांपुढे आली. मीही सोलापुरातच इंजिनिअरिंगला एर्गोनॉमिक्स (काम आणि साधनं माणसाच्या शरीराला जुळवण्याचं शास्त्र) शिकवत आलो, आता निवृत्तीला टेकलोय. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझी वर्षं खाल्ली ती एका विद्यापीठ कार्यालयानं. नाव घेत नाही, सोलापूरचं नव्हे एवढंच सांगतो. विषय होता घरी बिड्या वळणाऱ्या बायकांची बैठक आणि मनगटाची हालचाल. अभियांत्रिकीच्या टेबलावरून शेरा आला, 'माणसांवरील अभ्यास, वैद्यकीय शाखेकडे पाठवावा.' तिथून उलट शेरा, 'मार्गदर्शक अभियांत्रिकीचे, परत पाठवावा.' चौकशीला गेलं की साहेब मीटिंगमध्ये. बरं, एवढं होऊन फाईल हलली, तर म्हणे एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीचं, पत्र आणा. कुठल्या कमिटीचं? ते तुम्ही बघा! आमच्या कॉलेजात अशी कमिटीच नव्हती. शेवटी ओळखीनं एका मेडिकल कॉलेजच्या कमिटीपुढे प्रस्ताव गेला. तिथल्या डॉक्टरांनी मात्र नेमके प्रश्न विचारले आणि काम मार्गी लागलं.

म्हणून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देण्याआधीच कमिटी शोधा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) माणसांवरच्या संशोधनाबद्दलची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून संमतिपत्र तयार ठेवा. माहिती गोळा करून झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, आणि चांगली जर्नल्स ती मागतातच. नियम बदलत असतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक बघूनच पाऊल उचला.

विषय बदलू नका, हे माझं मत. कंपनांवर केलंत तर पदवी लवकर मिळेल, कबूल. पण मग पुढे आयुष्यभर कंपनंच शिकवावी लागतील. (प्रोबेशन चालू असेल, घराचे हप्ते असतील तर तुमचं गणित वेगळं. मी बाहेरून बोलतोय.) शीर्षक तेवढं फिरवा. 'कामगारांची पाठदुखी' पुढे ठेवलीत की फाईल वैद्यकीयकडे जाणार. 'मागाच्या रचनेतील बदल' पुढे ठेवा आणि पाठदुखी हे त्या बदलाचं मोजमाप म्हणून आत घ्या. काम तेच राहतं, शेरा बदलतो.

आता पद्धतीबद्दल. सगळे विद्यार्थी 1993 ची रूला पद्धत (काम करतानाच्या बैठकीला, मुख्यतः हात, मान, पाठीच्या ताणाला गुण देणारी) उचलतात आणि फोटोवरून गुण देऊन मोकळे होतात. त्यात पायांना गुण दोनच, आधार नीट असेल तर 1, नसेल तर 2. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळत बसलेल्या बाईचे पाय 'आधार आहे' म्हणून 1 मध्ये जातात. तिच्या गुडघ्यांना विचारा! मागावर माणूस उभा असतो, चालतो, वाकून तुटलेला धागा जोडतो, तिथे पूर्ण शरीराला गुण देणारी 2000 ची रीबा पद्धत जास्त जुळते. शरीरमापांसाठी परदेशी तक्ते वापरू नका, देबकुमार चक्रवर्तींचं एनआयडीनं (अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं) 1997 साली काढलेलं भारतीय मापांचं पुस्तक लायब्ररीत मागवून घ्या.

प्रश्नावली फक्त मराठीत काढू नका. सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक विणकरांच्या घरी तेलुगू चालते, तेव्हा एखादा तेलुगू बोलणारा विद्यार्थी सोबत न्या. मालक शेजारी उभा असेल तर प्रत्येक उत्तर 'काही त्रास नाही' असंच येतं. शिवाय शेडमध्ये माग चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर विचारा. जेवढं काम तेवढीच मजुरी असेल तर माणूस माग थांबवून बोलणार नाही, आणि त्याचा राग धरू नका.

शेडमधला आवाज मोजायला मोबाईलचं ॲप शोधनिबंधात चालत नाही, कॅलिब्रेट केलेलं मीटर भाड्यानं आणा. आणि एप्रिल-मेमधली मोजणी हिवाळ्यातल्या मोजणीत मिसळू नका. आपल्याकडचा उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. थकव्याचे आकडे उकाड्यामुळे वाढले की मागामुळे, हे मग परीक्षकाला पटवता येत नाही.

को-गाईड म्हणून फिजिओथेरपीचा कुणी मिळत असेल तर बघा. सिनॉप्सिसचा मसुदा तयार झाला की इथेच टाका, वाचून सांगतो.