प्लास्टिक सर्जन व्हायला किती वर्षं लागतात? हे काम फक्त नटनट्यांचंच असतं का?

लातूरला लेक नीटची तयारी करतेय म्हणालात, तर आधी हिशोब. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप 1, जनरल सर्जरीत एमएस 3 आणि प्लास्टिक सर्जरीत एमसीएच 3. सगळं पहिल्या झटक्यात मिळालं तरी साडेअकरा वर्षं.

नटनट्यांचं म्हणाल तर, मी घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) शिकत होतो तेव्हा सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्रात हात गेलेले लोक यायचे. त्या हातांनीच मला या शाखेत ओढलं. (तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा.)

दुभंगलेल्या ओठाचं बाळ आलं की आई बहुधा मान खाली घालून बसते. "गिराणात चाकू धरला होता म्हणून झालं," असं घरच्यांनी तिच्या डोक्यात भरलेलं असतं. मी टाक्यांचं नंतर बोलतो. आधी सासूबाईंना समोर बसवून सांगतो, "मावशी, ग्रहणाचा काही संबंध नाही, सुनेचा दोष नाही." ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांचं बाळ असताना होतं. टाळूही फाटलेली असेल तर ती नंतर, बोलायला लागायच्या सुमारास.

लेकीला सुट्टीत एकदा जळीत वॉर्ड दाखवा. तिथं टिकली तर टिकली.