पाणथरी काढल्यानंतर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत एकाच अवयवाची तीन नावं आहेत. आपण मराठीत पाणथरी किंवा प्लीहा म्हणतो, इंदुरातल्या दवाखान्यात 'तिल्ली' हा शब्द कानावर पडतो आणि डिस्चार्ज कार्डावर 'स्प्लेनेक्टॉमी' लिहिलेलं असतं, म्हणजे पाणथरी काढल्याची शस्त्रक्रिया. घरात कुणाच्याही कार्डावर हा शब्द असेल तर पहिलं उत्तर नक्की वाचा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी बायपासवर त्याची स्कूटर घसरली, पोटात रक्तस्राव झाला आणि त्याच रात्री तिल्ली काढावी लागली. आठव्या दिवशी घरी सोडलं. कार्डावर टाके कधी काढायचे तेवढंच लिहिलंय. आता तो कामावर जातो. आणखी काही करायचं राहिलंय का? (एक बहीण, सुदामा नगर, इंदूर)

हो ताई, महत्त्वाचं तेच राहिलंय. या आठवड्यातच सुरुवात करा.

पाणथरी डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. मुठीएवढी, वजनाला साधारण १५० ग्रॅम. म्हाताऱ्या तांबड्या पेशी गाळून मोडीत काढणं हे तिचं एक काम, ते यकृत सांभाळून घेतं. दुसरं काम रक्तात शिरलेले जंतू धरायचं, आणि ते पुरतं कुणालाच जमत नाही. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंवर साखरेचं निसरडं कवच असतं. वाहत्या रक्तात ते पेशींच्या हाती लागत नाहीत. पाणथरीत रक्त संथ झिरपतं, म्हणून तिथे ते अडकतात. पाणथरी नसली की हेच जंतू काही तासांत रक्तभर पसरू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर जवळपास निम्मे रुग्ण दगावतात. सकाळी थंडी वाजून आलेला माणूस रात्री अतिदक्षता विभागात असतो. पहिली दोन-तीन वर्षं धोका जास्त, पण तो पुरता जात कधीच नाही. वीस वर्षांनीही असं घडलेलं आहे.

म्हणून आधी लसी. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १४ दिवस थांबून लसी देतात, म्हणजे शरीर चांगला प्रतिसाद देतं. रुग्ण परत येईल याची खात्री नसेल तर घरी सोडतानाच दिलेल्या बऱ्या. भावाचे १४ दिवस कधीच उलटलेत. न्यूमोकॉकलची 'कॉन्जुगेट' लस पहिली. ती १३ प्रकारांची असेल तर किमान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांची 'पॉलिसॅकराइड' लस, आणि तिचा आणखी एक डोस ५ वर्षांनी. कॉन्जुगेट २० प्रकारांची मिळाली तर २३ वालीची गरज नाही. मेनिंगोकॉकलची चार गटांची लस ८ आठवड्यांच्या अंतराने दोनदा, मग दर ५ वर्षांनी एकदा. या लसीचा एक ब्रँड असा आहे की तो न्यूमोकॉकल कॉन्जुगेटनंतर ४ आठवडे जाऊ देऊनच द्यायचा, म्हणून दोन्ही लसी एकाच दिवशी घ्यायच्या असतील तर आधी डॉक्टरांना ब्रँड दाखवा. हिबचा एक डोस. फ्लूची लस दरवर्षी.

बऱ्याचदा चूक होते ती लस आणण्यात. ती दवा बाजारातून स्वस्त मिळते म्हणून माणूस मे महिन्यात पिशवीत घालून स्कूटरवर घेऊन येतो. लस २ ते ८ अंशांतच ठेवायची असते. उन्हात ती तापते, आणि थेट बर्फाला टेकली तर गोठते. गोठलेली कॉन्जुगेट लस वितळल्यावर दिसायला तशीच असते, पण निकामी होते. जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधली घ्या. स्वतः आणायचीच असेल तर थंड डबीत, बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून. घरी फ्रीझरखालच्या कप्प्यात ठेवू नका.

दुसरी गोष्ट तापाची, आणि ती लसींहून महत्त्वाची, कारण लसी सगळे प्रकार झाकत नाहीत. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, किंवा आकडा कमी असूनही हुडहुडी भरली, उलट्या-जुलाबांबरोबर अंग गळून गेलं, हातपाय गार पडले, अंगावर जांभळे ठिपके उठले, तर 'सध्या व्हायरल चालू आहे' म्हणत थांबायचं नाही. इथेच जीव जातात. ऑगस्टमध्ये गल्लीभर ताप असतो, पॅरासिटामॉलने आकडा उतरतो आणि दिवस हातचा निघून जातो. आकडा उतरला म्हणजे जंतू उतरला असं नाही.

म्हणून आपल्या डॉक्टरांकडून आणीबाणीची गोळी आधीच लिहून घ्या. मोठ्यांना बहुधा अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट देतात, ८७५ अधिक १२५ मिलिग्रॅमची, जिच्या पाकिटावर १ ग्रॅम लिहिलेलं असतं. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरी देतात, त्यामुळे हे आधी ठरलेलं हवं. ताप दिसताच पहिली गोळी घ्यायची आणि लगेच मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं. गाडी नसेल तर १०८. गोळी दवाखान्याच्या वाटेवर वेळ मिळवण्यासाठी आहे, घरी बसून कोर्स पुरा करण्यासाठी नाही. रुग्णालयात पहिलं वाक्य 'पाणथरी काढलेली आहे' हेच म्हणा. तिथे रक्ताचं कल्चर (जंतू ओळखायची तपासणी) घेऊन शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोनसारखं प्रतिजैविक द्यायला हवं, आणि तपासण्यांच्या निकालासाठी ते अडवून धरायचं नाही. आणीबाणीची गोळी दमट हवेत लवकर खराब होते. पाकीट फोडून डबीत भरू नका, मुदत संपली की बदला, घरी आणि कामाच्या बॅगेत एकेक ठेवा.

रोजचं पेनिसिलिन (मोठ्यांना सहसा २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) सर्वांना आयुष्यभर लागत नाही. बरेच डॉक्टर शस्त्रक्रियेनंतरची पहिली वर्षं देतात आणि ज्यांना धोका जास्त त्यांना पुढेही. भावाचं त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि पाकिटात एक कार्ड घाला: शस्त्रक्रियेची तारीख, लसी व तारखा, अॅलर्जी. मराठी-हिंदी-इंग्रजी, तिन्ही भाषांत. त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्येही असू दे.

प्रश्न : दोन आठवड्यांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट ६ लाख ८० हजार. लॅबने लाल अक्षरांत छापलंय. (त्याच ताईंचा दुसरा कागद)

या घटकेला ते अपेक्षित आहे. शरीरातल्या प्लेटलेटपैकी सुमारे एक तृतीयांश पाणथरीत साठलेल्या असतात, ती गेली की त्या रक्तात येतात. पहिल्या एक ते तीन आठवड्यांत आकडा चढतो, मग हळूहळू उतरतो, पण नेहमीपेक्षा किंचित वरच राहतो. १० लाखांपुढे गेला तर डॉक्टर अॅस्पिरिनचा विचार करतात. आकड्यापेक्षा लक्षणाकडे जास्त लक्ष हवं: पोटात नव्याने दुखू लागलं, भूक गेली, ताप आला, तर यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी झाली का ते सोनोग्राफीत बघावं लागतं. रिपोर्टवर 'हॉवेल-जॉली बॉडीज' (तांबड्या पेशींत उरलेले बारीक कण) दिसलं तर घाबरू नका. एरवी पाणथरी हे कण काढून टाकते, ते दिसतात याचा अर्थ गाळणारं कुणी नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. जन्मापासून स्फेरोसायटोसिस, वर्षातून दोनदा रक्त चढवावं लागतं. आता डॉक्टर पाणथरी काढायला सांगतात. आधी 'थांबा' म्हणत होते. (एक आई, लोकमान्य नगर, इंदूर)

दोन्ही वेळी त्यांनी बरोबरच सांगितलं. या आजारात तांबड्या पेशीचं आवरण कच्चं असल्यामुळे ती चपटी न राहता गोल होते आणि पाणथरीच्या अरुंद फटींत अडकून फुटते. पाणथरी काढली की पेशी गोलच राहतात, पण बऱ्याच जास्त टिकतात. लहान वयात जंतूंचा धोका सर्वांत मोठा, म्हणून शक्यतो सहा वर्षांनंतरच ही शस्त्रक्रिया करतात. आजार सौम्य असेल तर करतही नाहीत. वर्षातून दोनदा रक्त लागत असेल तर तो सौम्य म्हणता येणार नाही.

आधी करायच्या गोष्टी: वर सांगितलेल्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पुऱ्या व्हाव्यात, म्हणून तारीख ठरवतानाच लसींच्या तारखा मागून घ्या. लसीकरण कार्ड घेऊन जा. पेंटाव्हॅलेंटमध्ये (बाळांना देतात त्या पाच-एक लसीत) हिब येतेच, न्यूमोकॉकलही झाली असेल. डोस पुन्हा मोजायला त्याचा उपयोग होतो. पित्ताशयाची सोनोग्राफी करा. या मुलांना पित्ताचे खडे होतात, आणि ते असतील तर एकाच वेळी काढता येतात. सर्जनला विचारा की जोडपाणथऱ्या शोधणार ना. काहींच्या पोटात मुख्य पाणथरीजवळ वाटाण्याएवढी एखादी दुसरी असते, ती राहिली तर वाढून पुन्हा पेशी फोडू लागते. पाणथरीचा एक भाग राखण्याची शस्त्रक्रियाही काही ठिकाणी होते, तुमच्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारून पाहा.

शाळेला एक चिठ्ठी द्या: 'ताप आला तर पालकांना लगेच फोन. वर्गात झोपवून ठेवू नये.' खेळ, पोहणं, सहल, सगळं चालेल.

प्रश्न : मी झाबुआ जिल्ह्यात शिक्षिका आहे, घर इंदूरचं. वर्गातल्या एका मुलीला सिकलसेल आहे. तिची पाणथरी कुणी काढलेली नाही, तरी तिला पेनिसिलिन का? (एक शिक्षिका)

कारण सिकलसेलमध्ये पाणथरी आतूनच निकामी होते. कोयत्याच्या आकाराच्या पेशी तिथल्या बारीक वाहिन्या तुंबवतात आणि भाग-भाग मरत जातात. मध्य भारतातल्या रुग्णांत ती बरीच वर्षं मोठीच राहते, म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात. पण मोठी आहे म्हणजे कामाची आहे असं नव्हे. या मुलांना पेनिसिलिन दोन-तीन महिन्यांच्या वयापासून किमान पाच वर्षांपर्यंत देतात. पुढे चालू ठेवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात.

आणखी एक धोका पालकांच्या हाताला कळतो. कधीकधी थोड्याच वेळात रक्त पाणथरीत तुंबतं, ती फुगते, हिमोग्लोबिन कोसळतं, मूल पांढरंफटक पडतं. यासाठी जमैकात आयांना पाणथरी चाचपायला शिकवलं आणि या झटक्याने होणारे मृत्यू खूप घटले. पद्धत अशी: मूल उताणं झोपवा, गुडघे मुडपायला सांगा. बोटं सपाट ठेवून पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, श्वास घेताना हलकं दाबत डाव्या बरगडीकडे सरका. बरगडीखाली बोटांना टणक कड लागली तर बरगडीपासून ती किती बोटं खाली आहे ते वहीत लिहा. आठवड्यातून एकदा, आणि ताप आला की लगेच. एकदम दोन बोटं वाढली आणि मूल मलूल असेल तर त्याच क्षणी रुग्णालय. पालकांना ही रीत आधी डॉक्टर किंवा परिचारिकेने हात धरून शिकवावी, कारण थेट मध्यावर दाबलं तर मोठी पाणथरी हुकते.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली, तिच्यात तपासणी मोफत होते. मुलीच्या भावंडांची तपासणी झाली आहे का ते विचारा.

प्रश्न : कुत्रा चावला तर वेगळं काही? आणि मलेरियाच्या भागात जायचं असेल तर? (एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर)

हो. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू असतो, तो पाणथरी नसलेल्यांना फार लवकर गाठतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, रेबीजची लस सुरू करा, आणि ओरखडा लहान दिसला तरी त्याच दिवशी प्रतिजैविक घ्या. घरच्या पाळीव कुत्र्याचा चावाही यातच येतो.

मलेरिया अशा माणसांत लवकर बिघडतो. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचं औषध हवंच. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिथे किंवा परतल्यावर ताप आला तर मलेरियाची चाचणी आणि वर सांगितलेली आणीबाणीची गोळी, दोन्ही एकाच वेळी. एकीसाठी दुसरीला थांबवू नका.